एक नंबरचे चौदा किलोमीटर

पत्र आलं शनिवारी, पण त्यावरून भांडायला सगळ्यांना वेळ मिळाला तो रविवारी सकाळी दहा वाजता. तेही अक्काच्या टेबलाभोवती, कारण अक्का टेबल सोडून उठणार नव्हती. दोन फोन, एक वायरलेस, एक नोंदवही आणि रस्त्यावर सुटलेल्या टॅक्सी एवढा संसार ज्या बाईच्या अंगावर असतो, तिला भांडणासाठी वेगळ्या खोलीत नेता येत नाही.

धाकट्या भावाने पत्र तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. "'गाडी क्रमांक एक ही गेले दहा महिने, बिल्ल्याची मुदत संपलेल्या चालकाने रोज चालवल्याचे आपल्याच नोंदवहीवरून दिसून येते. सबब आपला टॅक्सी-चालनाचा परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा सोमवारी अकरा वाजता परवाना समितीपुढे हजर राहून करावा.' आपल्याच नोंदवहीवरून! म्हणजे चुगली केली कुणी, तर आपल्याच वहीनं."

"वाचता येतं मला," अक्का म्हणाली आणि वाजणारा फोन उचलला. "बोला. हो, स्टेशनला. बॅगा किती? पिंजरा? पिंजऱ्यात काय आहे? मग मांजर आहे असं सांगा ना बाई. सात नंबर पाठवते, त्याला शिंका येत नाहीत." फोन ठेवून तिने वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता तेच वायरलेसवर म्हणाली, "सात नंबर, स्टेशन, मांजरासह."

इथेच सगळी मेख होती. अक्काला बोलल्याशिवाय लिहिता येत नसे आणि लिहिल्याशिवाय बोलता येत नसे. सत्तावीस वर्षांत हात आणि जीभ एकमेकांना अशी बांधली गेली होती की एकाला सुट्टी दिली तर दुसरंही बसून राही.

एक नंबर बाबांची गाडी. घरात एकच टॅक्सी होती तेव्हापासून सकाळी सहाला पहिली नोंद तिची. आधी आई लिहायची, आई गेल्यावर अक्का: एक नंबर, मालक, स्टँड. दहा महिन्यांपूर्वी बाबांनी जाहीर केलं की आता पुरे झालं, मी आपणहून थांबतोय. दुसऱ्या दिवशी सहा वाजता ते नेहमीसारखे दाढी करून, टोपी घालून अक्कासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. तिने वायरलेस उचलला आणि तोंडातून सवयीने निघालं, "एक नंबर, मालक, स्टँड." बाबांचा चेहरा तिने पाहिला. तो असा काही उजळला की ते वाक्य परत घेणं तिला जमलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग कुठल्याच दिवशी नाही. तोंडाने म्हणायचं आणि वहीत लिहायचं नाही, हेही जमलं नाही. एक नंबर गॅरेजमध्ये आच्छादनाखाली उभी, आणि वहीत रोज सकाळी स्टँडवर.

गेल्या आठवड्यात पालिकेचा निरीक्षक अचानक तपासणीला आला, एका हातात बिल्ल्यांची यादी आणि दुसऱ्या हातात वही धरून बसला, आणि पाऊण तासात त्याच्या भुवया केसांपर्यंत गेल्या.

"मी सांगू?" धाकटा म्हणाला. त्याला नेहमीच सांगायचं असे. "मिस्त्रीनं चालवली म्हणायचं. त्याच्याकडे बिल्ला आहे. अक्कानं सवयीनं बाबांचं नाव लिहिलं. चालकाचं नाव चुकलं, बाकी सगळं बरोबर. दोन मिनिटांत विषय संपला."

मिस्त्री म्हणजे मधला भाऊ. गाड्यांची सगळी दुरुस्ती तो एकटा करी, आणि त्याचा चेहरा घरातल्यांनाही क्वचितच सरळ दिसे, कारण तो बहुधा कशाच्या तरी खाली असे. आज तो दारात उभा राहून हात पुसत होता.

"मी कधी चालवली?" त्याने विचारलं.

"अरे, म्हणायचं!"

"पण सहा वाजता मी ब्रेक तपासत असतो. प्रत्येक गाडीच्या कागदावर माझी सही असते. एकाच वेळी खाली पण आणि स्टँडवर पण?"

"समितीला कुठे एवढं कळतंय!"

"कळतं," खिडकीपाशी बसलेली धाकट्याची बायको म्हणाली.

तिला घरात सगळे साहेब म्हणत. लग्नाआधी सहा वर्षं ती पालिकेच्या परवाना विभागात लिपिक होती. सोयरीक जमली ती टॅक्सीवाल्यांकडे, तेव्हा खुर्ची आणि सासर एकत्र नांदणार नाहीत हे ओळखून तिने खुर्ची सोडली. नाव चेष्टेने पडलं होतं. चार वर्षांत चेष्टा जुनी झाली, पण अक्का ते नाव अजूनही असं उच्चारी की त्याला धार राही.

"मग साहेबांचं काय म्हणणं?" अक्काने विचारलं.

"दहा महिने रोज स्टँडवर गेलेली गाडी हजारो किलोमीटर चाललेली हवी. ते लोक आधी गाडीचं दार उघडतील आणि आकडा बघतील. भाऊजींनी चालवली म्हटलं की तिथंच खोटं पडेल. पण तोच आकडा आपल्याला वाचवू शकतो. गाडी हललीच नाही, तर बिनबिल्ल्याची चाललीही नाही. दहा महिन्यांपूर्वी, बाबांनी थांबतोय म्हटलं त्याच्या आदल्याच संध्याकाळी, वार्षिक तपासणीत त्यांचाच माणूस इथं येऊन मीटरला सील लावून गेला. त्या कागदावर आकडा आहे. चला, बघू."

अक्का टेबल सोडून उठली. भांडणासाठी न उठलेली बाई आकड्यासाठी उठली, हे पाहून तीन नंबरचा ड्रायव्हर न सांगताच फोनपाशी येऊन बसला.

*

गॅरेजमध्ये मिस्त्रीने आच्छादन काढलं. गाडी लखलखत होती. दर रविवारी तो जागच्या जागी इंजिन चालू करी, काचा पुसून ठेवी. आत वाकून त्याने आकडा वाचला. साहेबांनी तपासणीचा कागद उलगडला.

"परत वाचा, भाऊजी."

त्याने परत वाचला.

"चौदा जास्त आहेत," ती म्हणाली.

"चौदा हजार?" धाकटा घाबरून म्हणाला.

"चौदा. नुसते चौदा."

चौदा हजार असते तर एकमेकांवर ओरडता आलं असतं. चौदा किलोमीटरचं काय करायचं ते कुणाला कळेना. अक्काने मिस्त्रीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी ती मागेपुढे करतो, हातानं ढकलून. इंचांत."

"तू?" तिने धाकट्याला विचारलं.

"मला त्या गाडीत बसायला लहानपणापासून परवानगी नाही. सीट खराब होते म्हणे."

"होतेच," मागून बाबा म्हणाले.

ते जिना उतरून कधी आले ते कुणाला ऐकू गेलं नाही. एक हात भिंतीवर होता. घरात भिंतीला हात लावून चालतात हे अलीकडे सगळ्यांना दिसत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

*

बाबांना ती चौघं नीट दिसत नव्हती. मधोमध एक राखाडी डाग आणि त्याच्या कडेला त्यांची मुलं. पण कोण कसं उभं असेल ते त्यांना न बघता ठाऊक होतं. मिस्त्री गाडीला टेकून, धाकटा चुळबुळत, अक्का कमरेवर हात ठेवून. सून कागद धरून उभी असणार, आणि तिच्या हातातला कागद हलत नसणार.

"ते चौदा माझे," ते म्हणाले. "सात जायचे, सात यायचे."

"कुठे?" अक्काचा आवाज.

"पालिकेच्या डॉक्टरकडे. बिल्ल्याचा शेवटचा दिवस होता. डोळे तपासल्याशिवाय नवा मिळत नाही. तुम्ही सगळे कामात होता. म्हटलं, जाऊन येतो, संध्याकाळी नवा बिल्ला टेबलावर ठेवतो. भिंतीवर अक्षरं लावली होती म्हणे. मला भिंत दिसली."

वर फोन वाजला आणि तीन नंबरने उचलला.

"म्हणजे तुम्ही आपणहून नाही थांबलात," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला.

"थांबवलं मला. चाळीस वर्षं ज्या खिडकीवरून बिल्ला घेतला, त्याच खिडकीवर एका पोरीनं शिक्का मारला आणि मला म्हणाली, आजोबा, घरी कुणी न्यायला येणार आहे का? मी म्हटलं, हो, गाडी आहे बाहेर." त्यांनी खांदे उडवले. "खोटं नव्हतं."

"आणि चालवत आलात?" अक्का म्हणाली. "तसंच?"

"मुदत रात्री बारापर्यंत होती. जाताना कायद्यानं गेलो, येताना कायद्यानं आलो. येताना फक्त घाबरत आलो. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून, आंधळ्यानं काठी धरावी तसा. घरी पोचलो आणि ठरवलं की ही गोष्ट गाडीत ठेवून वर आच्छादन घालायचं."

अक्का रागावणार असं सगळ्यांना वाटलं. तिने गाडीचं दार लावलं, तेही हलक्या हाताने. दहा महिने ती ज्यांच्यासाठी खोटं लिहीत होती, ते दहा महिने तिच्याशी खोटं बोलत होते, आणि दोघंही रोज सकाळी सहाला समोरासमोर बसून चहा पीत होते. तिला हसू आलं. ते दाबायला तिने पदर तोंडाला लावला, आणि ती रडतेय असं वाटून धाकट्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तर तिला आवरेचना.

*

दुपारी साहेब एकट्याच टेबलापाशी आल्या. अक्का एका गिऱ्हाइकाला समजावत होती की टॅक्सीतून कपाट जात नाही, फार तर आरसा जातो, तोही मांडीवर.

फोन संपेपर्यंत ती उभी राहिली. जिन्यावर तिने दोनदा विचार केला होता की हे सांगायलाच हवं का. उद्या समितीच सांगेल, आपण कशाला वाईट व्हायचं. पण सहा वर्षं खिडकीच्या आत बसून तिने एक गोष्ट पाहिली होती. नियमापेक्षा नियम उशिरा कळल्यानं माणसं जास्त मोडतात.

"अक्का, बाबांच्या तपासणीची चिठ्ठी त्यांच्याच फायलीत असणार. तारीख जुळली की गाडीचा प्रश्न मिटतो. परवाना वाचेल, मला खात्री आहे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"गाडी चालली नाही हे सिद्ध झालं, की वही खोटी होती हेही सिद्ध होतं. आणि खोटी नोंद करणाऱ्या माणसाचं नाव परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून घालता येत नाही. एक वर्ष."

अक्काने पेन खाली ठेवलं. त्याच फायलीत तिचा अर्ज होता. बाबांच्या नावाच्या जागी तिचं नाव. परवान्याचं नूतनीकरण आणि नावाची बदली, दोन्ही याच महिन्यात व्हायचं होतं. लग्न नाही, दुसरं घर नाही. ही सत्तावीस वर्षं कुठे गेली असं कुणी विचारलं, तर दाखवायला तो एक कागद होणार होता.

"तुझ्या नवऱ्याचं म्हणणं ऐकलं तर?" तिने विचारलं. "मिस्त्रीला पुढे केलं तर?"

"तर पकडले जाल. आणि समजा नाही पकडले, तरी मी तिथे बसून ऐकणार नाही. मी घरी थांबेन."

"धमकी देतेस?"

"नाही. आधी सांगून ठेवतेय."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षांत या मुलीने आपल्याला एकदाही बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नव्हतं. आजवर त्याचा राग यायचा.

"उद्या साडेदहाला निघू," अक्का म्हणाली. "पाच नंबरनं. आणि मिस्त्रीला सांग, नखं साफ करून ये म्हणावं."

*

परवाना समितीची खोली लांबट होती. टेबल एवढं मोठं की समितीचे तिघे पलीकडच्या काठावर राहतात असं वाटावं. मध्ये अध्यक्षबाई, पेशाने दातांच्या डॉक्टर. माणसाने तोंड उघडलं की त्या आधी दात बघत आणि मग ऐकत. एका बाजूला निरीक्षक, दुसऱ्या बाजूला मुख्य लिपिक. साहेबांना पाहून मुख्य लिपिकांनी ओळखीचं हसू सुरू केलं आणि प्रसंग आठवून अर्ध्यातच आवरतं घेतलं.

निरीक्षकाने अहवाल वाचला. तो सकाळीच गॅरेजमध्ये येऊन आकडा बघून गेला होता. गोंधळलेला दिसत होता, पण सरळ माणूस होता. "वहीप्रमाणे गाडी रोज बाहेर. गाडीप्रमाणे ती दहा महिन्यांत चौदा किलोमीटर. दोन्ही खरं असू शकत नाही."

"मग खरं काय?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वही खोटी आहे," अक्का उभी राहून म्हणाली. "एक नंबरच्या नोंदींपुरती. त्या सगळ्या मी लिहिल्या. बाकीच्या गाड्यांची एकही ओळ चुकीची निघाली तर आत्ता परवाना घ्या."

धाकट्याने डोळे मिटले.

"कशासाठी लिहिल्या?"

"वडील समोर बसलेले असायचे. पहिलं नाव त्यांचं घ्यायची सवय. घेतलं नाही तर ते गेल्यासारखं वाटलं असतं. म्हणून घेत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा फायदा नव्हता. चूक माझी."

"आणि चौदा किलोमीटर?"

बाबा उठले. मिस्त्रीने कोपर धरलं, त्यांनी ते सोडवून घेतलं. "माझ्या फायलीत डॉक्टरची चिठ्ठी असेल. ती मोठ्यानं वाचा. मला दिसणार नाही."

मुख्य लिपिकांनी फाईल चाळली, चिठ्ठी काढली, तारीख वाचली. बिल्ल्याचा शेवटचा दिवस. मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "उजवा डोळा, वरच्या दोन ओळी. डावा डोळा, एकही नाही. चालनास अपात्र."

"सात किलोमीटर इथवर, सात परत," बाबा म्हणाले. "बिल्ला त्या रात्रीपर्यंत होता, म्हणजे नियमानं मी चुकलो नाही. पण बाई, चुकलो. वाटेत दोन शाळा लागतात. घंटा ऐकू आली तेव्हा मला कळलं की आपण शाळेसमोरून चाललोय. दिसली नव्हती. तुमचा नियम रात्री बारापर्यंत का थांबतो ते मला माहीत नाही. डॉक्टरनं सही केली त्याच मिनिटाला बिल्ला काढून घ्यायला हवा होता. लिहून घ्या हवं तर."

अध्यक्षबाईंनी मुख्य लिपिकांकडे पाहिलं. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

तिघे कुजबुजले. पाच मिनिटं गेली. मग निर्णय सांगितला. बिनबिल्ल्याची गाडी चालवल्याचा आरोप रद्द. परवाना चालू राहील, पण पाचऐवजी एक वर्षासाठी. वही दर महिन्याला तपासली जाईल. आणि नोंदी ठेवणारी व्यक्ती या वर्षात परवान्याची जबाबदार व्यक्ती होऊ शकणार नाही. "दुसरं नाव आत्ताच द्या. दहा मिनिटं देते."

*

बाहेरच्या बाकावर चौघं बसली. अक्का उभी होती.

"माझं घाला," धाकटा म्हणाला. "वर्षाचाच तर प्रश्न आहे. मी त्या अ‍ॅपवाल्यांशी बोलूनच ठेवलंय, ते सगळ्या गाड्या एकदम..." तो गप्प झाला, पण उशिरा.

"कधी बोललास?" मिस्त्रीने विचारलं.

"नुसतं बोललो रे."

"मला नको," मिस्त्री म्हणाला. "मी गाडीखाली बरा. वर आलो की लोक प्रश्न विचारतात."

बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "अक्का, नाव माझं खोडलंय, जागा तुझी होती. तूच सांग."

अक्काने सुनेकडे पाहिलं. "तू."

"मी?"

"काल जिना चढून माझं नाव जाणार हे मला सांगायला आलीस. न सांगता चाललं असतं तुला."

"तुम्हाला राग आला नाही?"

"आला ना. घरी ठेवून आलेय, संध्याकाळी भेटेल. पण परवान्यावर मला असंच माणूस हवंय, जे माझ्या तोंडावर मला नाही म्हणेल. या तिघांना ते जन्मात जमलेलं नाही."

साहेब लगेच हो म्हणाल्या नाहीत. "मग वही मी रोज बघणार. तुमचं अक्षरन् अक्षर. आणि सकाळी पहिलं नाव, जी गाडी खरंच सुटेल तिचं."

अक्काने बाबांकडे पाहिलं. हे तिला बोलता आलं नसतं.

"मला काय," बाबा म्हणाले. "मला तिचा आवाज ऐकू आला म्हणजे झालं. तीन नंबर म्हणेना का, तेरा नंबर म्हणेना का."

"तेरा नाहीत आपल्याकडे," धाकटा म्हणाला.

"तू अ‍ॅपवाल्यांना सोड, मग होतील," अक्का म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

मुख्य लिपिकांनी अर्ज पुढे केला. चार पानी, दोन्ही बाजूंनी छापलेला. जिथे सही करायची तिथे त्यांनी आपणहून पेन्सिलने फुली मारून दिली होती. साहेबांनी ती फुली पाहिली, पानं उलटून पहिल्या पानावर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि वाचायला लागल्या. सगळं. बारीक अक्षरातलंही. निरीक्षकाने घड्याळ पाहिलं. अध्यक्षबाईंनी बोटं टेबलावर वाजवली. धाकटा बायकोच्या कानाशी वाकला, "अगं, नुसती सही कर."

"वाचू द्या तिला," अक्का म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.